तिथी पाहून धावावे असा किनारा: रत्नागिरीच्या वाटा

धावणाऱ्याच्या दृष्टीने रत्नागिरी हे फार सोयीचे शहर आहे. गावाचा मोठा भाग जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेला असून दक्षिणेला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, उत्तरेला मिऱ्याचा उपसागर आहे आणि या दोहोंच्या मधोमध रत्नदुर्गाचा डोंगर थेट अरबी समुद्रात शिरलेला आहे. त्यामुळे एकाच मुक्कामात ओली वाळू, खाडीवरचा पूल, किल्ल्याचा चढ आणि डोंगराला वळसे घालत जाणारा सागरी रस्ता अशा चारही प्रकारच्या वाटा मिळतात. डिसेंबरात, मार्गशीर्ष पौर्णिमेला जोडून आलेल्या सुट्टीत, मी, माझी धावण्यातली मैत्रीण आणि तिचे यजमान असे आम्ही पुण्याहून गाडीने तेथे गेलो. यजमान धावत नाहीत, परंतु गाडी चालवतात, पाण्याच्या बाटल्या सांभाळतात आणि न कंटाळता वाट पाहतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात अशा माणसाचे मोल किती, हे धावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

गुरुवार, द्वादशी: थिबा राजवाडा ते भाट्ये

आंबा घाट उतरून दुपारी शहरात पोहोचलो आणि एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकून पाच वाजण्याच्या सुमारास थिबा राजवाड्यापासून धावायला सुरुवात केली. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून हिंदुस्थानात आणले आणि पुढे रत्नागिरीत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा लाल, उतरत्या छपरांचा राजवाडा 1910 साली पुरा झाला. 1916 साली राजाचे येथेच निधन झाले. राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवर उभे राहिले की खाली राजिवड्याची वस्ती, काजळीचे रुंद मुख, भाट्याचा पूल आणि पलीकडे सुरूच्या बनाची गडद रेघ असे सारे एका नजरेत येते. संध्याकाळी जिथे धावायचे होते तो संपूर्ण मार्गच वरून पाहून घेता आला.

राजवाड्याकडून खाली येणारा उतार चांगलाच तीव्र आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हा भाग चालत उतरावा, कारण पाय मोकळे होण्याआधीच असा उतार मिळाला तर त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी द्यावा लागतो. उतार संपला की भाट्ये पूल लागतो. पुलावर वारा भरपूर होता. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो असतो. पुलाच्या मध्यावर ते उजव्या कानशिलावर इतक्या जोराने येत होते की आम्हाला एकमेकींशी बोलता येईना. खाली नांगरलेल्या होड्यांची तोंडे मात्र सगळी समुद्राकडे वळलेली होती, यावरून भरती सुरू झाल्याचे माझ्या मैत्रिणीने ओळखले नसले तरी पुढे भेटलेल्या माणसाने लगेच सांगितले.

पूल ओलांडताच भाट्याचा किनारा सुरू होतो. सुमारे दीड किलोमीटर लांबीची ही जवळजवळ सरळ, सपाट आणि बऱ्यापैकी मोकळी पट्टी आहे. पाण्याच्या कडेची वाळू घट्ट होती, बुटाचा ठसा जेमतेम उमटत होता. दोन फेऱ्या झाल्यावर सुरूच्या सावलीत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला हाक मारली. आम्ही कुठून आलो, रोज धावतो का, अशी चौकशी झाल्यावर ते म्हणाले, “आज बारस. नवाला भरती असते. म्हणजे तीनला सुकती झाली. तुम्हाला आणखी तासभर अशी वाळू मिळेल, मग वर सरकावं लागेल.” घड्याळात न पाहता त्यांनी हे कसे सांगितले, असे विचारल्यावर त्यांनी जो हिशेब दिला तो या साऱ्या प्रवासात मला मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

हिशेब असा: तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल, साधारण तितके वाजता पूर्ण भरती. द्वादशीला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे आणि अमावास्येलाही पंधरा धरायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि असे चक्र दिवसातून दोनदा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. तिथीची पाऊणपट म्हणजे रोजची पंचेचाळीस मिनिटे, हा त्याचाच ठोकताळा आहे. मिनिटांपर्यंत नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे हे खरेच, पण कोणत्या दिवशी किनारा किती वाजता मोकळा असेल याचा अंदाज बोटांवर येण्यासाठी एवढे पुरते.

धावणाऱ्यासाठी यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास कोकणच्या या किनाऱ्यावर ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. म्हणजे आपल्याला धावायचे असते नेमक्या त्याच दोन वेळांना वाळू सर्वांत रुंद आणि सर्वांत घट्ट असते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आतपर्यंत हटते. याउलट अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी भांगाचे दिवस म्हणतात, भरती-ओहोटीतले अंतर कमी असते आणि भरती सकाळ-संध्याकाळी सहाला येते. तेव्हा धावायला उरते ती वरची मऊ, पाय रुतवणारी वाळू. आम्ही थंडी आणि सुट्टी पाहून ठरवलेल्या तारखा तिथीच्या हिशेबानेही उत्तम होत्या.

वाळूवर धावताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने फार वेळ धावल्यास एक पाय सतत खाली पडतो आणि घोटा व कंबर यांवर ताण येतो. जितके जावे तितकेच परत यावे. अनवाणी धावण्याचा मोह होतो, पण सवय नसेल तर पहिल्या दिवशी काही मिनिटांपुरतेच करावे. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दुखतात आणि तुटलेल्या शिंपल्यांच्या कडा धारदार असतात.

परत आलो तेव्हा मुक्कामाच्या घरी उदबत्तीचा वास दरवळत होता. मार्गशीर्षातला गुरुवार असल्याने काकूंचे महालक्ष्मीचे व्रत होते, कलशाची पूजा मांडलेली होती आणि शेजारच्या बायका हळदीकुंकवासाठी येऊन जात होत्या. रत्नागिरीत आल्या आल्या मासे मिळतील या आशेवर असलेल्या यजमानांना त्या रात्री कुळथाची पिठी, तूपभात, वालाचे बिरडे आणि ओल्या नारळाची करंजी असे जेवण मिळाले, आणि दुसऱ्यांदा पिठी मागणारे पहिले तेच होते. सकाळी किती वाजता निघणार असे काकूंनी विचारले, आणि आमचे उत्तर ऐकून म्हणाल्या, “येताना उपाशी याल. मी पेज ठेवते.”

शुक्रवार, त्रयोदशी: जयस्तंभ, मिरकरवाडा आणि रत्नदुर्ग

त्रयोदशीची भरती पावणेदहाची, म्हणजे सकाळी पाणी चढते राहणार. म्हणून वाळू संध्याकाळवर ठेवून सकाळी किल्ल्याचा चढ घेतला. जयस्तंभ चौकातून टिळक आळीकडे निघालो. लोकमान्य टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी ज्या घरात झाला ते कौलारू घर याच आळीत जतन केलेले आहे. एवढ्या सकाळी ते बंद होते, पण अंगणाशेजारून धावत जाताना वेग आपोआप कमी झाला. तिथून बाजाराच्या अंगाने पतितपावन मंदिराकडेही जाता येते. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 साली, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले हे मंदिर सर्व जातींच्या लोकांना खुले ठेवण्यात आले. गावातून धावण्याचा हाच एक लाभ मोटारीतून फिरणाऱ्याला मिळत नाही: इतिहासातली दोन ठिकाणे एकमेकांपासून किती जवळ आहेत हे पायांना कळते.

मिरकरवाडा बंदराजवळ रस्ता ओला होता. रात्रभर समुद्रात असलेल्या नौका आल्या होत्या, बर्फाचा चुरा फावड्याने टोपल्यांत पडत होता, ट्रक उलटे लावले जात होते आणि लिलावाचा गलबला चालू होता. या भागात धावू नये, चालावे. माशांचे पाणी सांडलेला रस्ता बुटांना अजिबात पकडत नाही, आणि कामावर असलेल्या माणसांच्या मधून धावत जाणे हे सभ्यतेलाही धरून नाही. आम्ही चालत गेलो म्हणून तर एका मावशींनी थांबवून टोपलीतली चंदेरी मांदेली दाखवली. हाताच्या ओंजळीत घेतलेल्या त्या माशांवर सोनेरी झाक होती, आणि मावशींनी बोट फिरवताच ती खवल्यांसह बोटाला लागून आली. “दुपारपर्यंत ही झळाळी जाते,” त्या म्हणाल्या, “मग तुमच्याकडे पुण्यात येते.” रत्नागिरीचा ताजा मासा हा शब्दप्रयोग त्यानंतर मी जपून वापरते.

पायथ्याच्या भागेश्वर मंदिरापासून खरा चढ लागतो. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून तिन्ही बाजूंना समुद्र आहे. बहामनी काळात बांधला गेलेला हा किल्ला 1670 साली शिवाजी महाराजांनी घेतला. गाडीरस्ता भगवती देवीच्या मंदिरापर्यंत जातो, त्यामुळे पायवाटेची चिंता नाही. वळणांवर मात्र चढ अंगावर येतो. एका वळणावर मागून एक ताई सहज आमच्यापुढे गेल्या, वळून पाहिले आणि आमच्यासाठी थांबल्या. त्या रत्नागिरीतल्याच शिक्षिका होत्या आणि शाळेच्या आधी रोज या चढाला येत. त्यांनी दिलेला सल्ला साधा होता: पावले लहान ठेवा, नजर पुढच्या वळणावर न ठेवता पायापुढच्या दहा हातांवर ठेवा, आणि श्वास लागला तर बोलून पाहा, वाक्य पुरे होत नसेल तर चालायला लागा. उद्या आरे-वारे करणार असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग साडेपाचच्या पुढे अजिबात थांबू नका. शनिवारी नऊनंतर त्या रस्त्यावर गाड्यांशिवाय काही नसतं.”

मंदिरात देवीला नमस्कार करून तटावर गेलो. जांभ्याचा तट रात्रीच्या दवाने ओलसर होता आणि दगडांच्या भोकांत शेवाळ अजून हिरवे होते. एका बाजूला बंदर आणि मिऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मांडवी, पुढे दीपगृह, आणि सरळ खाली खडकांवर चढत असलेली भरती. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे अजून चालू होते. ते कोरडे असतात, म्हणून दमट समजल्या जाणाऱ्या कोकणात थंडीतली सकाळ धावायला इतकी सुखाची जाते. सूर्य वर आला आणि वारा पडला की पंधरा मिनिटांत अंगाला चिकटपणा येतो. तटावर धावण्याचा विचार कोणी करू नये. कठडा सर्वत्र नाही, दगड सुटलेले आहेत, आणि ही जागा थांबून पाहण्याची आहे.

परतल्यावर काकूंनी शब्द पाळला होता. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ, वरून चमचाभर तूप, सोबत लिंबाचे लोणचे आणि भाजलेला पापड. घाम गाळून आलेल्या शरीराला पाणी, मीठ आणि सहज पचणारे पिष्ट हे तिन्ही हवे असते, आणि पेजेत ते तिन्ही आहे. बाजारातल्या रंगीत पेयांवर आपण जो खर्च करतो त्यापेक्षा मला हा उपाय अधिक भावला. काकूंनी दुसऱ्या दिवशीसाठी आगळाची छोटी बाटलीही दिली. आगळ म्हणजे आमसुलाच्या फळांचा मिठात मुरवलेला रस; पाण्यात दोन चमचे आगळ आणि थोडी साखर घातली की लांब धावण्यासाठी लागणारे पेय तयार होते. दुपारी जेवायला बांगड्याचे तिखले आणि सोलकढी होती, आणि यजमानांची गुरुवारची प्रतीक्षा सार्थकी लागली.

संध्याकाळी मांडवीला गेलो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र अशी नावे येथे रूढ आहेत आणि ती वाळूच्या रंगावरून पडलेली आहेत. मांडवीच्या वाळूचा काळेपणा इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे आहे. लाट मागे सरकली की हलकी वाळू तिच्याबरोबर जाते आणि जड काळे कण मागे राहतात, त्यामुळे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर काळ्या-करड्या लहरींची नक्षी उमटते. येथे आम्ही हलकी दौड केली आणि मग जेट्टीवर बसून सूर्यास्त पाहिला. भेळेच्या गाड्या, जेट्टीवर गळ टाकून बसलेली मुले आणि सहकुटुंब फिरायला आलेले लोक यांची गर्दी असल्याने मांडवी हे वेगाने धावण्याचे ठिकाण नाही. थकलेले पाय मोकळे करण्याचे आहे. पांढऱ्या समुद्राकडे किनाऱ्याची धूप फार झालेली असून मिऱ्याच्या बाजूला ती रोखण्यासाठी बंधारा घातलेला आहे, त्यामुळे तिकडे सलग वाळू मिळेल या अपेक्षेने जाऊ नये.

शनिवार, चतुर्दशी: रत्नागिरी ते गणपतीपुळे, सागरी रस्त्याने

हा दिवस ज्यासाठी आलो होतो तो. शिरगाव, साखरतर, कासारवेली, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे आणि गणपतीपुळे असा हा सुमारे पंचवीस किलोमीटरचा रस्ता अर्धमॅरेथॉनपेक्षा थोडा अधिक पडतो आणि त्यातले चढउतार मोजले तर बराच अधिक. ताईंच्या सल्ल्याप्रमाणे साडेपाचच्या आत निघालो. चतुर्दशीचा चंद्र पश्चिमेला उतरला होता, तरीही रस्ता दिसण्याइतका उजेड होता. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट आणि कपाळाला लावायचा दिवा आम्ही दोघींनी वापरला, आणि तो कितीही चांदणे असले तरी वापरावा, कारण आपल्याला रस्ता दिसणे पुरेसे नाही. गाडीवाल्याला आपण दिसलो पाहिजे. या रस्त्याला पदपथ नाही, म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावावे.

साखरतरच्या पुलावर आलो तेव्हा पूर्वेकडे फटफटू लागले होते. खाडीत होड्यांचे दिवे हलत होते आणि पाण्यावरून इंजिनाची टकटक ऐकू येत होती. पुढे कासारवेलीच्या वाडीत शिरताच हवेत गोडसर, किंचित उग्र असा वास आला. कलमांना मोहोर येऊ लागला होता. थंडी वेळेवर पडली तर हापूसचा मोहोर याच सुमारास धरतो, आणि त्या दिवसांत बागायतदाराचे सारे लक्ष आकाशाकडे असते, कारण ढग आले की तुडतुड्यांचा प्रादुर्भाव होतो आणि मोहोर काळा पडतो. कुंपणाशी दात घासत उभे असलेल्या एका आजोबांनी पाणी हवे का म्हणून विचारले. आम्ही थांबलो, तांब्याभर विहिरीचे गार पाणी प्यायलो आणि यंदा मोहोर कसा आहे असे विचारले. “आज आहे,” ते म्हणाले, “उद्याचं उद्या.” आणि आमच्या हातात पानात गुंडाळलेले गुळाचे दोन खडे ठेवले.

आरे गावानंतर समुद्र डाव्या हाताला येऊन भिडतो आणि रस्ता डोंगरावर चढू लागतो. हा चढ लांब आहे, पण तो चढताना प्रत्येक वळणावर समुद्राचा थोडा अधिक भाग उघडत जातो, त्यामुळे दम लागला तरी कंटाळा येत नाही. माथ्यावरून मागे आरे आणि पुढे वारे असे दोन्ही किनारे दिसतात, मध्ये डोंगराचा काळा कातळ आणि कडेने सुरूचे बन. सात वाजून गेले होते, सूर्य आमच्या पाठीमागच्या डोंगरातून वर येत होता, आणि त्याचा प्रकाश आधी दूरच्या पाण्यावर पडला. किनाऱ्याजवळचे पाणी अजून डोंगराच्या सावलीत निळेकाळे होते. सावलीची ती कड आमच्या डोळ्यांदेखत किनाऱ्याकडे सरकत आली. पश्चिम किनाऱ्यावर सूर्योदय नसतो असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. खाली उतरताना एक पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आमच्या पातळीला, दरीच्या बाजूने, पंख न हलवता गेला.

हे किनारे वरून शांत दिसतात, पण येथे पाण्यात उतरू नये. तळ एकदम खोल होतो, ओढ जोरदार आहे आणि येथे माणसे बुडालेली आहेत. धावून तापलेल्या अंगाने पाण्यात शिरण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. भरती चढत असताना तर खडकांवरही जाऊ नये.

वारे गाव ओलांडताना शनिवारच्या सकाळच्या शाळेला निघालेली मुले भेटली. दप्तरे पाठीवर धरून चौघेजण आमच्याबरोबर धावू लागले. त्यातल्या एका मुलीने गंभीरपणे विचारले, “ताई, शर्यत आहे का? बाकीचे कुठे राहिले?” शर्यत नाही, आम्ही नुसत्याच धावतो आहोत, असे सांगितल्यावर तिने क्षणभर विचार केला आणि मग शाळेच्या फाटकापर्यंत आम्हाला दोघींनाही मागे टाकले. तिच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या आणि टाच जमिनीला लागतच नव्हती. धावण्याच्या शैलीविषयी जे शिकायला आम्ही पैसे भरतो ते तिला आपसूक येत होते, आणि मैत्रीण पुढचा एक किलोमीटर त्याच पद्धतीने पाय टाकण्याचा प्रयत्न करीत होती.

नेवऱ्यानंतर ऊन लागायला लागले. यजमान ठरलेल्या ठिकाणी उभे होते. आगळाचे पाणी प्यायलो आणि आंबापोळीचे तुकडे तोंडात टाकले. लांब धावण्यात खाण्यासाठी आंबापोळीइतके सोयीचे काही मला अजून सापडलेले नाही: ती वितळत नाही, खिशात मावते, चघळता येते आणि साखर हळूहळू मिळत राहते. फक्त बरोबर पाणी हवे. भंडारपुळ्याच्या अलीकडचा शेवटचा चढ आम्ही चालत घेतला आणि उतारावरून पुळ्याचा किनारा दिसला तेव्हा नऊ वाजत आले होते. समोरून गाड्यांची रांग सुरू झालेलीच होती.

गणपतीपुळ्याला डोंगरालाच गणपतीचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा मंदिराला न घालता संपूर्ण डोंगराला घालतात. ही वाट साधारण एक किलोमीटरची, फरसबंद आणि बरीचशी झाडांच्या सावलीची आहे. बूट काढून, हातपाय धुऊन, दर्शन घेऊन आम्ही ती अनवाणी चाललो. पंचवीस किलोमीटरनंतर स्नायू सैल करण्यासाठी हळू चालावे असे सगळेच सांगतात, पण ते प्रत्यक्षात फार थोडे जण करतात. येथे ते श्रद्धेच्या मार्गाने घडते. दुपारी देवस्थानातला खिचडीचा प्रसाद घेतला आणि गाडीत बसताच दोघींनाही झोप लागली.

रविवार, पौर्णिमा: पुन्हा भाट्ये, पहाटेच्या ओहोटीला

पौर्णिमेची भरती सव्वाअकराची, म्हणून ओहोटी पहाटे सव्वापाचची. सहाच्या सुमारास भाट्याला पोहोचलो तेव्हा गुरुवारी जिथे लाटा फुटत होत्या त्याच्याही कितीतरी पुढे पाणी हटलेले होते. पूर्ण चंद्र समुद्रावर टेकायला आला होता आणि ओल्या वाळूवर त्याच्या उजेडाचा पट्टा थेट आमच्या पायांपर्यंत येत होता. मागे पूर्वेला तांबडे फुटू लागले होते. दोन उजेडांमुळे आमच्या सावल्या दोन दिशांना पडत होत्या, एक गडद आणि एक अगदी फिकट. आदल्या दिवशीच्या पायांनी वेग मागितला नाही. आम्ही सावकाश, एकमेकींशी बोलत, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिलो.

उजाडल्यावर लक्षात आले की संपूर्ण किनाऱ्यावर वाळूच्या बारीक गोळ्या पसरलेल्या आहेत. वाकून पाहिले. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येत, दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडाशी नेत, तिच्यातले खाद्य शोषून घेत आणि उरलेली वाळू मोहरीएवढी गोल करून मागे टाकीत. प्रत्येक बिळाभोवती या गोळ्यांच्या सरळ ओळी चहूबाजूंना गेलेल्या होत्या. आमचे पाऊल वाजताच सगळे खेकडे एकदम बिळात जात आणि आम्ही मिनिटभर स्थिर राहिलो की एकेक बाहेर येई. काही तासांत भरती हे सारे सपाट करणार आणि पुढच्या ओहोटीला ते पुन्हा कामाला लागणार. आम्ही पाण्याच्या अगदी कडेने, जिथे गोळ्या नव्हत्या तिथून धावलो. थंडीत उत्तरेकडून येणारे कुरव पक्षीही थव्याने किनाऱ्यावर बसलेले असतात; त्यांच्या मधून धावून त्यांना उडवण्यापेक्षा लांबून वळसा घालावा. ते इथे विसाव्याला आणि पोट भरायला आलेले असतात.

किनाऱ्याच्या टोकाला झरी विनायकाचे छोटे मंदिर आहे. तिथे थांबून परत फिरलो. वाटेत नारळ संशोधन केंद्राच्या माडांची राई लागते. ठेंगण्या जातीच्या झाडांचे घड हाताला येतील इतके खाली होते. मुक्कामी पोहोचलो तेव्हा शेजारच्या दत्तमंदिरात संध्याकाळच्या जयंतीची तयारी चालली होती, कोणी झेंडूची तोरणे बांधीत होते, कोणी पाळणा पुसत होते. काकूंनी जन्माच्या कीर्तनाला थांबण्याचा आग्रह केला, पण सोमवारी सगळ्यांनाच कामावर हजर व्हायचे होते. घावणे आणि नारळाचा रस असा शेवटचा नाश्ता करून, आगळ आणि आंबापोळी घेऊन निघालो.

एखादा दिवस अधिक हाताशी असेल तर भाट्याहून पुढे पावसचा रस्ता धरावा, असे किल्ल्यावर भेटलेल्या ताईंनी सुचवले आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरापर्यंतचे अंतर रत्नागिरीपासून सुमारे वीस किलोमीटर असून तिथून गणेशगुळ्याचा किनारा जवळ आहे, आणि गणपतीपुळ्याच्या मानाने तेथे वर्दळ पुष्कळ कमी असते. जाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत, मुक्काम पौर्णिमा किंवा अमावास्या मध्ये येईल असा ठेवावा, वाळूचे धावणे त्या तिथीच्या दिवशी आणि त्याच्या आगेमागे घ्यावे आणि रस्त्याचे धावणे उरलेल्या दिवसांत. आम्ही माघी पौर्णिमेच्या सुमाराची खोली काकूंकडे सांगून ठेवली आहे, आणि या वेळी यजमानांनीही बूट घेतले आहेत.